ऐकणाऱ्यांचा ‘ॲक्वालंग’

‘जेथ्रो टल’ या रॉक बँडचा गायक इयान अँडरसन गेली पन्नासहून अधिक वर्षं एक गोष्ट सांगत आला आहे आणि त्याचे श्रोते ती मानायला तयार नाहीत. ‘ॲक्वालंग’ हा एका संकल्पनेवर रचलेला अल्बम नाही, असं तो म्हणतो. तीन-चार गाण्यांचे विषय एकमेकांजवळ आले, बाकीची गाणी आपापली आहेत, इतकंच. श्रोते विचारतात, मग रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला ‘ॲक्वालंग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माय गॉड’ अशी वेगळी नावं का दिली? कव्हरवर तो मळक्या कोटातला म्हातारा कशाला? बायबलच्या थाटात छापलेला, देवानं माणूस घडवल्याची कथा उलटी फिरवणारा तो मजकूर कशाला? 19 मार्च 1971 रोजी रेकॉर्ड बाजारात आली तेव्हापासून हा वाद चालू आहे. या संग्रहात एकत्र केलेली मतं त्याच वादातली आहेत, आणि वाद मिटावा म्हणून ती गोळा केलेली नाहीत.

जेथ्रो टल हे गायकाचं नाव असावं असं पुष्कळांना वाटतं. ते अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतीसुधारकाचं नाव आहे. पेरणीचं यंत्र बनवणारा तो माणूस. 1967 साली सुरू झालेल्या बँडला हे नाव मिळालं आणि चिकटलं. अँडरसन जन्मानं स्कॉटिश, वाढला ब्लॅकपूलमध्ये. आधी तो गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनचं वादन ऐकल्यावर आपण त्या उंचीला जाणार नाही हे त्यानं ओळखलं आणि रॉकमध्ये फारसं कुणी हातात न घेतलेलं वाद्य घेतलं, बासरी. धातूची, पाश्चात्त्य, आडवी बासरी. ती फुंकता फुंकता तो गुणगुणतो, खाकरतो, श्वास मुद्दाम ऐकू देतो, आणि एका पायावर उभा राहतो. त्या मुद्रेकडे पाहून आपल्याकडच्या माणसाला कोण आठवेल हे सांगायला नको.

पहिले तीन अल्बम 1968, 1969 आणि 1970 साली आले. ‘धिस वॉज’मध्ये ब्लूज होतं, ‘स्टँड अप’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, मग ‘बेनिफिट’. चौथा ‘ॲक्वालंग’. अकरा गाणी, त्रेचाळीस मिनिटं. ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत तो पोचला, आणि पुढच्या काळात सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्या रेकॉर्डविषयी इतके लोक इतकी वर्षं बोलतात तिच्याविषयी एकमत होणं शक्य नव्हतं.

ध्वनिमुद्रण लंडनमध्ये बेसिंग स्ट्रीटवरच्या आयलंड स्टुडिओत झालं. ती इमारत मुळात चर्चची. धर्मसंस्थेवर इतकी कडक टीका करणारी गाणी जुन्या प्रार्थनास्थळात मुद्रित झाली, हा योगायोग श्रोत्यांना फार प्रिय आहे आणि संग्रहात तो पुन्हा पुन्हा येतो. जेथ्रो टलच्या वाट्याला आलेली मोठी खोली त्यांना त्रासदायक ठरली. आवाज घुमायचा, वातावरण थंड. खालच्या लहान खोलीत त्याच दिवसांत लेड झेपेलिन आपला चौथा अल्बम करत होते. शीर्षकगीतातला गिटारचा एकल भाग मार्टिन बार वाजवत असताना लेड झेपेलिनचा जिमी पेज काचेपलीकडे आला आणि त्यानं हात हलवला, हा किस्सा बारनं स्वतः सांगितला आहे. एक-दोन प्रयत्नांत जमलं नाही तर ती जागा बासरीला जायची, हेही त्यानंच सांगितलं. जमलं. म्हणून बासरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात बासरीच नाही. पुष्कळ वर्षं ऐकणाऱ्यांच्याही हे लक्षात आलेलं नसतं.

माझी या अल्बमशी गाठ कशी पडली ते सांगतो, कारण माझं मत तिथून तयार झालं. मित्रानं नव्वदची कॅसेट भरून दिली होती. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्रेचाळीस मिनिटांचा अख्खा अल्बम तिच्या एका बाजूवर मावला. म्हणजे माझ्यासाठी ‘अप टू मी’ संपलं की लगेच ‘माय गॉड’ सुरू व्हायचं. मधे उठणं नाही, रेकॉर्ड उलटणं नाही. कव्हर नव्हतं, बाजूंची नावं नव्हती, त्या म्हाताऱ्याचं चित्र नव्हतं. गाण्यांची नावं बॉलपेननं लिहिलेली, त्यातली दोन चुकीची. इतक्या उघड्यावाघड्या अवस्थेतही मला ही गाणी एकाच घरातली वाटली. पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये कव्हर पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा चित्रानं मला नवीन काही सांगितलं नाही. तो माणूस मी आधीच ओळखत होतो. (ते दुकान 2016 साली बंद झालं. मुंबईतल्या किती जणांचे कान तिथे घडले, त्याची नोंद कुणीतरी करायला हवी.)

म्हणून कव्हरमुळे आणि बाजूंच्या नावांमुळे श्रोत्यांची फसगत झाली, हे मत मला पटत नाही. संग्रहात ते जोरात मांडलेलं आहे आणि त्याला आधारही आहे. चित्रं अमेरिकन चित्रकार बर्टन सिल्व्हरमन यांनी काढली. तो म्हातारा गायकासारखा दिसतो हे अँडरसनला अजिबात आवडलं नव्हतं. त्या गाण्यातला माणूस म्हणजे मीच, असा समज पसरला तो त्या चित्रामुळे, ही त्याची तक्रार खरी आहे. पण चित्र काढून टाकलं तरी धागा उरतो.

संकल्पनेवर बांधलेली गाणी म्हटलं की मराठी माणसाला ‘गीतरामायण’ आठवतं. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे आलेली छप्पन्न गाणी, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. तिथे कथाच क्रम ठरवते. ‘ॲक्वालंग’ तसा नाही आणि त्याला त्या मापानं मोजणाऱ्यांची निराशा होते. त्याचं नातं मला गाथेशी अधिक वाटतं. गाथेतला कुठलाही अभंग सुटा म्हणता येतो, क्रम बदलला म्हणून काही मोडत नाही, तरी शे-दोनशे अभंग वाचले की एक माणूस, त्याचा राग आणि त्याची माया समोर उभी राहते. सैल धागा म्हणतात तो हा.

तो धागा कोणता, याबद्दल श्रोते भांडतात. काहींच्या मते पहिली बाजू रस्त्यावरच्या माणसांची आणि दुसरी देवाची, संपलं. काही जण ‘क्रॉस-आइड मेरी’ या एकाच गाण्यावर सगळी इमारत उभी करतात, कारण त्यात शीर्षकगीतातल्या म्हाताऱ्याचं, ॲक्वालंगचं, नाव पुन्हा येतं. माझं उत्तर लहान आहे. चहाकडे लक्ष द्या.

शीर्षकगीतात गोठणाऱ्या थंडीत हा बेघर म्हातारा सिगारेटची थोटकं वेचतो, आणि रस्त्यानं थोडं पुढे मुक्तिफौज आहे. तिथे तारणाच्या उपदेशाबरोबर चहाचा कप मिळतो. (1882 मध्ये मुंबईत येऊन कामाला लागलेली मुक्तिफौज तीच. महाराष्ट्रातल्या अनेक गावांना ती माहीत आहे.) आता तिसरं गाणं ऐका, ‘चीप डे रिटर्न’. अवघं सव्वा मिनिटाचं. अँडरसनचे वडील आजारी होते. त्यांना भेटून परतताना रेल्वेच्या फलाटावर हे सुचलं. नाव आहे त्याच दिवशी परत येण्याच्या स्वस्त तिकिटाचं. वडिलांची देखभाल नीट होते की नाही याची धास्ती मुलाच्या पोटात आहे, आणि नर्स त्याला चहा करून देते, वर त्याची सही मागते. दोन गाण्यांत दोन चहा. एक निराधाराला, उपदेशासकट. दुसरा प्रसिद्ध माणसाला, सहीसाठी. ज्याची खरी काळजी घ्यायची तो म्हातारा बाप कॉटवर पडून आहे. मग दुसऱ्या बाजूला ‘स्लिपस्ट्रीम’ येतं, तेही सव्वा मिनिटाचंच, आणि त्यात मरणाच्या दारातला माणूस देवाच्या वेटरच्या हातावर शेवटचं नाणं ठेवतो. बिल आलेलं असतं.

चहा, सही, बिल. काळजी घेण्याच्या बदल्यात कोण काय मागतो, हा या अल्बमचा विषय आहे असं मला वाटतं. धर्मसंस्था मागते, प्रसिद्धी मागते, ‘क्रॉस-आइड मेरी’मधली पैसेवाली माणसं मागतात. या सगळ्यांत ‘वंडरिंग अलाऊड’ हे दोन मिनिटांहूनही लहान प्रेमगीत आहे. सकाळचं घर, दोन माणसं, कुणी कुणाकडे काही मागत नाही. अनेक श्रोते त्याला भरीचं गाणं म्हणतात. त्यांनी ते शीर्षकगीतानंतर लगेच, एकदाच, वाजवून पाहावं. या अल्बमचा तोल त्या गाण्यात आहे.

अँडरसननं हे ठरवून केलं का? त्यानंच ‘नाही’ म्हटलं आहे आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. विशीतल्या माणसानं थोड्या काळात लिहिलेल्या गाण्यांमध्ये त्या काळात मनात घोळत असलेलं उतरतं. ते ठरवावं लागत नाही. तो धागा बाहेरून दिसतो, आत बसून लिहिणाऱ्याला दिसेलच असं नाही. या बाबतीत मी श्रोत्यांच्या बाजूचा आहे.

संग्रहातला सर्वांत अवघड भाग शीर्षकगीताबद्दलच्या अस्वस्थतेचा आहे. गाण्याची सुरुवात सहा स्वरांच्या त्या दणक्यानं होते आणि पहिल्याच ओळीपासून बाकावर बसलेला म्हातारा खेळणाऱ्या लहान मुलींकडे वाईट नजरेनं पाहताना दिसतो. आजच्या श्रोत्याला, विशेषतः स्त्रियांना, हे ऐकवत नाही. अशा श्रोत्यांची मतं या पुस्तकात कापलेली नाहीत. काळ वेगळा होता, असं म्हणून ती बाजूला सारणं मला पटलं नसतं. पण गाणं कसं तयार झालं ते इथे सांगायला हवं. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी छायाचित्रणाची विद्यार्थिनी होती. थेम्सच्या काठी राहणाऱ्या बेघर माणसांचे फोटो तिनं काढले, त्यांच्याबद्दल काही शब्द लिहिले, आणि गाण्याचे सुरुवातीचे शब्द तिच्याकडून आले. श्रेय दोघांच्या नावावर आहे. म्हणजे गाणं सुरू होतं ते फोटोकडे पाहण्यातून, आणि पाहणाऱ्याच्या मनात किळस, भीती, कीव सगळं एकत्र आहे. मग दणका थांबतो, साधी गिटार येते, आवाज टेलिफोनमधून यावा तसा बारीक होतो आणि त्याच माणसाशी कुणीतरी हळू, मित्रासारखं बोलायला लागतं. घाबरू नकोस, मीच आहे, अशा सुरात. माणूस तोच, नजर बदललेली. मग पुन्हा दणका आणि पुन्हा पहिली नजर. फुटपाथवर झोपलेल्या माणसाला ओलांडून जाताना आपल्या मनात काय काय येतं याचं इतकं खरं गाणं मला दुसरं माहीत नाही. ज्यांना तरीही ते नको वाटतं त्यांचं मत मी खोडत नाही.

‘माय गॉड’ अल्बमच्या आधीच तयार होतं. 1970 च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात बँडनं ते वाजवलं होतं. दुसऱ्या बाजूवर श्रोते सरळ दोन तट पाडतात. नास्तिकांना ती आपली वाटते, काही श्रद्धाळूंना अपमान वाटतो. दोन्ही बाजूंनी ‘वाइंड-अप’ हे शेवटचं गाणं नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. शाळेत धर्म शिकायला पाठवलेला मुलगा शेवटी मधल्या सगळ्यांना ओलांडून थेट देवालाच विचारतो. देव त्याला उत्तर देतो: मी काही रविवारी किल्ली देऊन चालवायचं खेळणं नाही. देवाला नाकारणारा माणूस देवाच्या तोंडी असं उत्तर घालणार नाही. देवावर प्रेम आणि पुजाऱ्यावर राग, ही जोडी मराठी कानाला नवी नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला या बाजूवर धक्का बसायचं कारणच नाही. म्हणून आपल्याकडच्या श्रोत्यांनी या बाजूबद्दल अधिक लिहायला हवं होतं. या संग्रहातली ही उणीव मला जाणवते.

‘माय गॉड’मधला बासरीचा भाग मात्र वादापलीकडचा आहे. एकावर एक चढवलेल्या बासऱ्या आणि गळे, चर्चमधल्या समूहगायनासारखा नाद, आणि त्यावर तडकणारा श्वास. टीका ज्याच्यावर करायची त्याचंच संगीत इतक्या प्रेमानं वापरणं, हे फार थोड्यांना जमतं.

‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’बद्दल कमी लिहिलं तरी चालेल, ते सगळ्यांना आवडतं. जॉन इव्हनचा पियानो ज्या धीमेपणानं गाडी फलाटाला लावतो, त्यानंतरचा वेग अधिकच अंगावर येतो. हे गाणं एकत्र वाजवून जमेना, तेव्हा अँडरसननं बास ड्रम आणि हाय-हॅट आधी स्वतः वाजवून सांगाडा तयार केला आणि बाकीच्यांनी त्यावर आपापले भाग चढवले. ऐकताना जोड दिसत नाही. ड्रमवाल्या क्लाइव्ह बंकरचा हा बँडसोबतचा शेवटचा अल्बम, आणि बासवाल्या जेफ्री हॅमंडचा पहिला.

आवाजाच्या दर्जाबद्दलची तक्रार खरी होती. जुनी प्रत दबल्यासारखी, धुरकट वाजते. 2011 साली, चाळीस वर्षं झाल्यावर, स्टीव्हन विल्सननं मूळ फितींवरून नवं मिश्रण केलं आणि त्यानंतर श्रोत्यांची मतं बदलल्याचं या संग्रहात स्पष्ट दिसतं. आधी नुसता गोंगाट वाटणाऱ्या जागी आता साधी गिटार ऐकू येते, श्वास ऐकू येतो. जुन्या प्रतीवर प्रेम करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी नव्यानं ऐकणाऱ्याला मी विल्सनची प्रतच हातात देईन.

अँडरसननं श्रोत्यांना उत्तर 1972 मध्ये दिलं. संकल्पना हवी ना, मग घ्या, म्हणून ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा पूर्ण अल्बमभर पसरलेल्या एकाच गाण्याचा खटाटोप, आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाच्या नावावर, कव्हर म्हणून अख्खं वर्तमानपत्र. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला. रचना म्हणून तो सरस आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि कारागिरी पाहिली तर ते बरोबर आहेत. पण त्या अल्बममधल्या कुठल्याही माणसाची मला काळजी वाटत नाही. ‘ॲक्वालंग’मधल्या प्रत्येकाची वाटते.

मुंबईशी या बँडचं एक नातं आहे ते इथे नोंदवायला हवं. 29 नोव्हेंबर 2008 रोजी अनुष्का शंकर आणि जेथ्रो टल यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. 26 तारखेला शहरावर हल्ला झाला. कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि 5 डिसेंबरला, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी, त्यांनी तो केला. त्या आठवड्यात मुंबईला येणं सोपं नव्हतं. ते आले.

पुढची मतं वाचण्याआधी अल्बम एकदा सलग ऐका. फोनवर ऐकत असाल तर ‘अप टू मी’ संपल्यावर हातानं थांबवा, उठा, चहा करा, आणि मगच ‘माय गॉड’ लावा. 1971 साली रेकॉर्ड उलटायला श्रोत्यांना उठावंच लागत होतं.